आई वाटत नाही

माझं तोंड तुम्ही पाहिलेलं आहे. नावानं मला कोणी ओळखत नाही, तेव्हा नाव राहू द्या. पाठदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत एक बाई बादली उचलायला वाकते आणि तशीच वाकलेली राहते, ती मी. मलम लावल्यावर जी ताठ उभी राहून केस उडवत हसते, ती मी नव्हे. तिथे दुसरी आणली होती. मलम लावलं की बाईचं वय, रंग आणि माप सगळंच बदलतं, असं त्या लोकांचं म्हणणं असावं. तेव्हापासून मी 'पाठदुखी'. बाजारात, बँकेत, बसमध्ये, सगळीकडे. परवा एक चांगला टाय लावलेला गृहस्थ रांगेत मागून म्हणाला, "अहो पाठदुखी, जरा वाकून दाखवा की." मी म्हटलं, "रांगेतल्या बायकांना वाकायला सांगता, हे तुमच्या घरी माहीत आहे का?" मग त्यांनी रांगच बदलली.

धंदा माझा विनोदाचा. बहुतेक संध्याकाळी एका हॉटेलच्या तळघरात मी माईक धरून उभी राहते आणि जेवायला आलेल्या लोकांना हसवते. तोंडात घास असलेला माणूस हसत नाही, आणि त्यानं घास गिळेपर्यंत विनोद शिळा होतो, एवढं ज्ञान मिळवायला माझी उमेदीची वर्षं गेली. दिवसा जाहिराती. जाहिरातीत मी कायम शेजारीण. डाग बघून जिचा जबडा खाली पडतो ती शेजारीण, दुसरीची चकचकीत फरशी बघून जिचा जळफळाट होतो ती शेजारीण. आई मात्र कधीच नाही. जाहिरातीतली आई म्हणजे वेगळंच प्रकरण असतं. पोरगं चिखलात लोळून आलं की ती हसते. चिखलात लोळून आलेल्या पोराकडे बघून हसणारी आई मी जन्मात पाहिलेली नाही. असली तर तिला आधी डॉक्टरकडे न्या.

म्हणून कास्टिंगवालीचा फोन आला आणि ती म्हणाली, "ताई, या वेळी आईचा रोल आहे," तेव्हा माझा विश्वासच बसेना.

"कोणाच्या आईचा?"

"मुलीच्या."

"शेजारच्या मुलीच्या?"

"नाही हो, स्वतःच्या मुलीच्या!"

जाहिरात एका फोन कंपनीची होती. आई कामाला निघते, मुलगी दाराशी रडते, मग आई फोनवर दिसते, मुलगी हसते. झालं. एवढ्यासाठी म्हणे एक अख्खं ऑफिस वर्षभर डोकं खाजवत होतं.

ऑडिशनला मी माझ्या मुलीलाही नेलं. हौस म्हणून नाही. शाळेला सुट्टी होती आणि घरी कोणी नव्हतं. माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. त्याच्या कारखान्यात तिला बसवलं की ती कवळ्यांना प्रश्न विचारते आणि त्यांच्या वतीनं उत्तरंही देते, मग त्याचं काम होत नाही. आम्ही तिला मुंगी म्हणतो. एवढीशी, आवाज नाही, पण चावली की कळतं.

कास्टिंगवालीनं मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "मुलीलाही बाजूला उभं करा ना, म्हणजे अंदाज येईल." मुंगी उभी राहिली. मी जीव ओतून काम केलं. दारातून निघताना मागे वळून असं बघितलं, की दगडालाही पाझर फुटावा. मुंगीनं काहीही केलं नाही. नुसती उभी राहिली आणि एकदा नाक खाजवलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, अभिनंदन! मुलगी फायनल!"

"आणि मी?"

"तुम्ही छानच होतात हो. फक्त... तिची आई वाटत नाही तुम्ही."

"अगं बाई, मी जन्म दिलाय तिला!"

"हो हो, ते आहेच. पण कॅमेऱ्यात दिसत नाही ना ते."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. तो हातातली कवळी टेबलावर ठेवून इतका हसला, की खुर्चीवरून घसरला. आयुष्यभर लोकांना हसवून पोट भरते मी, पण या माणसाला मी एकदाही असं हसवू शकले नव्हते. त्या कास्टिंगवालीनं ते एका वाक्यात करून दाखवलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी सरळ नाही म्हणणार होते. पण मुंगी म्हणाली, "मला करायचंय." आणि खरं सांगायचं तर मलाही तिथे जायचंच होतं. मुलीबरोबर पालक लागतोच. म्हटलं, बसते तिथे समोर, आणि दाखवते एकेकाला, आई कोण आहे ते. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जाहिरात खड्ड्यात गेली, कोणीतरी येऊन म्हणायला हवं होतं, "ताई, चुकलंच आमचं, मुलगी अगदी तुमचीच."

शूटिंग एका भाड्याच्या घरात होतं. घर खरं होतं, पण त्या लोकांना ते खरं वाटेना, म्हणून आतल्या सगळ्या वस्तू बाहेर काढून दुसऱ्या आणल्या होत्या. खऱ्या भिंतीवर खोटी खिडकी लावली होती आणि खऱ्या खिडकीवर काळा कपडा. डायरेक्टर पोरसवदा, डोक्यावर केसांचा बुचडा, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकट करायचा. चहा मागतानासुद्धा चौकट करायचा. कंपनीचा माणूस एका छोट्या पडद्यासमोर बसून सारखं काहीतरी चघळत होता आणि मधूनच म्हणायचा, "थोडं अजून इमोशनल." कशाबद्दल ते त्यालाही माहीत नसावं, एकदा तर तो पडद्याच्या रंगाबद्दल हेच म्हणाला.

आणि मग 'आई' आली. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, चेहरा असा तुकतुकीत की माशी बसली तर घसरून पडावी. मी मनातल्या मनात तिचं नाव लोणी ठेवलं. लोणीनं आल्याआल्या माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमचं पाठदुखीचं काम मला फार आवडतं." मी म्हटलं, "आभारी आहे. तुमचं कुठलं दुखतं?" ती हसली. मला वाटतं तिला कळलं नाही. किंवा कळलं असेल. लोण्याचं काही सांगता येत नाही.

मुंगीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हिला काय म्हणू?"

"कॅमेरा चालू असताना आई म्हण. बंद झाला की मावशी म्हण. आणि फार चिकटू नकोस, मेकअप लागेल."

पहिला दिवस हसरे प्रसंग. लोणी मुंगीच्या वेण्या घालते, लोणी पर्स शोधते, मुंगी पर्स लपवते, दोघी खिदळतात. एक शॉट झाला की लाइट हलवायला युगं लागतात. एवढा वेळ माणसानं करायचं काय? मी आपली लाइटवाल्यांच्या घोळक्यात जाऊन बसले. समोर दहा माणसं रिकामी दिसली की माझ्या जिभेला खाज सुटते, त्याला माझा इलाज नाही. बुचड्याची नक्कल केली, चघळणाऱ्या साहेबाची केली, कास्टिंगवालीची केली. माणसं पोट धरून हसत होती. एक जण तर शिडीवरून उतरून हसायला आला.

मधून मधून मी तिकडे नजर टाकायचे. लोणी खोट्या पलंगावर मांडी घालून बसलेली असायची आणि मुंगी तिला काहीतरी सांगत असायची. मुंगी! जिच्याकडून शाळेत काय झालं हे काढायचं तर पकड लागते, ती पोरगी हातवारे करून बोलत होती. लोणी मान हलवत होती, मध्ये एक शब्द बोलत नव्हती. मला हसूच आलं. म्हटलं, बघा, कॅमेरा बंद झाला तरी बाईचा अभिनय चालूच आहे. काही लोकांना थांबायचं कधी ते कळत नाही. मी लगेच लाइटवाल्यांना लोणीचं मान हलवणं करून दाखवलं. त्याला सगळ्यात मोठा हशा मिळाला.

दुसऱ्या दिवशी रडायचा शॉट होता.

इथे एक सांगायला हवं. मुंगी माझ्यासाठी कधी रडलेली नाही. संध्याकाळी मी निघते तेव्हा "दार लाव गं" म्हटलं की ती उठते आणि दार लावते. बस. बाकीच्या बायकांची पोरं पदराला लोंबकळतात, माझी खुशाल चित्र काढत बसते, असं मी हॉटेलात माईकवरूनही सांगितलेलं आहे. मला त्याचा अभिमान होता. कौतुकानं सांगायचे मी.

तर लोणी दारातून निघाली आणि मुंगी दाराशी उभी राहिली. कॅमेरा तिच्या तोंडावर. मुंगीनं दार लावलं.

"कट!" बुचडा ओरडला. "दार नाही लावायचं, बाळा. रडायचं."

"का?"

"आई चाललीय ना."

"मग येईल की."

सगळे हसले. मग सुरू झाला तमाशा. बुचड्याच्या मदतनीस मुलीनं सांगितलं, "समज तुझी बाहुली मोडली." मुंगी म्हणाली, मला बाहुली नाही. डोळ्यात ग्लिसरीन घातलं. डोळे लाल झाले आणि मुंगी अशी काही संतापली, की आईच्या विरहात बुडालेली मुलगी न दिसता आईला बदडायला निघालेली दिसू लागली. चघळणारा साहेब म्हणाला, "थोडं अजून इमोशनल." कोपऱ्यात राखीव मुलगी बसवली होती, प्रत्येक शूटिंगला असते तशी. तिची आई सकाळपासून माझ्या मुलीकडे टक लावून बसली होती. आता तिनं पिशवीतून कंगवा काढला आणि आपल्या पोरीचे केस विंचरायला घेतले. नुसता कंगवा फिरवत राहिली आणि माझ्याकडे बघून गोड हसली. मेली!

बुचडा माझ्याकडे आला. हातांची चौकट करून माझा चेहरा त्यात धरला आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच काहीतरी बोला तिच्याशी. तुम्हाला माहीतच आहे. सगळ्याच आया करतात."

माहीत आहे म्हणजे? या धंद्यात कोणाला माहीत नाही! पोर रडत नसलं की आईला पुढे करतात. एक बाई पोराला चिमटा काढायची, तिला सगळे अडाणी म्हणायचे. दुसरीनं मुलाला सांगितलं, तुझी आजी गेली. पोरगं असं रडलं की शॉट एका फटक्यात झाला, आणि संध्याकाळी आजी घरी दार उघडायला आली तर ते किंचाळत पळालं. तिला सगळे हुशार म्हणाले. मी या बायकांवर विनोद केलेत. चांगलं झोडपून काढलंय त्यांना, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

आणि तरी मी उठले. कंगव्यामुळे उठले म्हणा, पण ते निम्मंच खरं. मला वाटलं, आत्ता कळेल सगळ्यांना. लोणी निघाली तर पोरीनं दार लावलं; मी निघते म्हटलं तर बघा काय होतं ते. रडेल ती, आणि माझ्यासाठी रडेल, आणि हा बुचडा आणि तो साहेब आणि ती कास्टिंगवाली, सगळे बघत बसतील.

मी मुंगीसमोर खाली बसले. तिचे खांदे धरले. चेहरा कोरा केला, आवाज खाली आणला. हे सगळं मला येतं, हेच तर माझं काम.

"मुंगे, नीट ऐक. मी आता जाणार आहे. परत येणार नाही. तू आणि बाबा राहा."

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. तिचे लाल डोळे हळूहळू चमकायला लागले. ओठांचे कोपरे वर गेले.

"पुढे?" ती म्हणाली.

आता हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगते. मी नवीन विनोद आधी घरी करून बघते. न्हाणीघरात, तिचं डोकं धुताना. तोंड गंभीर ठेवून पहिलं वाक्य टाकायचं आणि थांबायचं. मुंगीनं "पुढे?" म्हटलं की समजायचं, मासा गळाला लागला. मग दुसरं वाक्य, की ती हसते. ती बोलायला लागली तेव्हापासून आमचं हे असंच चाललंय. तिच्या "पुढे?"वर माझा अख्खा कार्यक्रम उभा आहे.

"मुंगे, मी खरं सांगतेय," मी म्हटलं.

"पुढे?" आता तर तिला हसू आवरेना.

"पुढे काही नाही! मी जाणार!" माझा आवाज चढला, डोळ्यांत पाणी आणलं मी, दोन्ही डोळ्यांत.

मुंगी हात पोटाशी धरून वाट बघत राहिली. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग शिडीवरचा हसला, मग बुचडा, मग साहेब चघळायचं थांबून हसला, आणि बघता बघता ते सगळं घर हसायला लागलं. एवढा हशा मला तळघरात कधी मिळालेला नाही. आणि मी मध्ये गुडघ्यांवर बसलेली, गालांवरून पाणी वाहतंय. माझं हसं झालं होतं, फुकटात.

"मी एकदा बोलून बघू का?" लोणी म्हणाली.

मी बाजूला झाले. लोणी मुंगीपाशी बसली, खांदे-बिंदे काही धरले नाहीत, तिच्या कानाशी हळूच काहीतरी बोलली. एक-दोन वाक्यं असतील. मुंगीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "पुढे?" म्हणाली नाही. तिची हनुवटी आधी आत गेली, मग थरथरली, आणि मग गालांवरून धारा लागल्या. बुचड्यानं नुसता हात वर केला. कॅमेरा चालू झाला. लोणी दारातून निघाली, आणि माझी मुलगी दाराची चौकट धरून अशी रडली, की राखीव मुलीच्या आईनं कंगवा पिशवीत टाकला.

टाळ्या वाजल्या. साहेबानं चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आणखी इमोशनल काही नको होतं. बुचडा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काय मुलगी आहे हो तुमची!" ज्या वाक्यासाठी मी दोन दिवस तिथे बसून होते ते हेच. मला त्याच्या बुचड्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

लोणी मेकअप उतरवत होती तिथे मी गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू.

"काय सांगितलंत माझ्या मुलीला?"

"काही नाही ताई. आज काम संपलं की मी माझ्या घरी जाणार, आणि मग आपण काही भेटणार नाही, एवढंच."

"एवढंच?"

"मग काय सांगणार? खरं तेच सांगितलं." तिनं कापसानं एक गाल पुसला. आतला गाल साधाच होता, चारचौघींसारखा. "मला पण वाईट वाटतंय हो. दोन दिवस किती बोलली माझ्याशी. त्यात तिची ती खडू खाणारी मैत्रीण शाळा सोडून चाललीय, म्हणून बिचारी आधीच उदास आहे. तुम्हाला ठाऊकच असेल."

"हो तर," मी म्हटलं. "ठाऊक आहे ना."

मला डोंबल ठाऊक होतं!

बसमध्ये मुंगीला खिडकीशी बसवलं. तिचे डोळे सुजले होते. बाहेर दुकानं मागे जात होती आणि ती काही न बोलता काचेवर बोटानं रेघा काढत होती. मला ती शांतता सहन होईना. शांत माणूस समोर असला की मला तो माझा पराभव वाटतो. म्हणून मी लोणीची नक्कल सुरू केली. तिचं मान हलवणं, "ताई, तुमचं पाठदुखीचं काम मला फार आवडतं," ते कापूस फिरवणं. फार झकास जमली होती. पुढच्या सीटवरच्या माणसाला काही संबंध नसताना हसू फुटलं.

मुंगीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "आवाज बरोबर आलाय," ती म्हणाली. "पण तिची नको करूस."

"का गं?"

"नको."

मी थांबले. मग थोड्या वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी ती खडू खाणारी शाळा सोडतेय म्हणे?"

"हो."

"मला नाही सांगितलंस ते."

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, बरं झालं, आता बाईंना फळ्यावर लिहायला खडू उरतील." ती अजून काचेकडेच बघत होती. "मग तू ते हॉटेलात पण सांगितलंस. बाबा म्हणाले, खूप हसले लोक."

हसले होते. आता आठवलं मला. घास तोंडात असूनही हसले होते. कुठून सुचलं ते मात्र मी पार विसरून गेले होते. माझ्या लेखी ती मुलगी आणि ते खडू मीच बनवलेले होते.

"आई."

"काय?"

"मघाशी तू म्हणालीस ना, तू जाणार म्हणून. परत येणार नाही म्हणून."

"हं."

"त्याच्या पुढचं तू सांगितलंच नाहीस."

आता ती माझ्याकडे बघत होती. दुपारपासून थांबली होती पोरगी. रडायचा शॉट झाला, टाळ्या झाल्या, पॅकअप झालं, बस मिळाली, आणि ही आपली त्या दुसऱ्या वाक्याची वाट बघत होती. ते आलं नाही म्हणताना तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल!

माझी जीभ लगेच वळवळली. एक नाही, तीन-चार वाक्यं धावत आली, त्यातलं एक तर फारच उत्तम होतं. त्यावर ती हमखास हसली असती आणि विषय मिटला असता. मी दात आवळून धरले.

"पुढे काही नव्हतं, मुंगे. मी खोटं बोलले. तू रडावीस म्हणून."

तिनं माझा चेहरा नीट तपासला. "म्हणजे जाणार नाहीस?"

"नाही."

"हा विनोद नाही?"

"नाही गं. विनोद नाही."

अजून थोडा वेळ ती थांबली, मी हसते का ते बघत. मी हसले नाही. मग तिनं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. दुपारसारखं सुंदर बिंदर नाही; भोकाड पसरलं. नाक वाहायला लागलं, शर्टाची बाही भिजली, मध्येच उचकी लागली, आणि एक मूठ करून तिनं मला दंडावर मारलं, पुन्हा मारलं. तो बुचडा तिथे असता तर म्हणाला असता, हे काही चालायचं नाही.

अख्खी बस वळून बघायला लागली. पलीकडच्या सीटवरची बाई म्हणाली, "अगं बाई, काय झालं हो लेकराला? भूक लागलीय का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी रडतेय ती. मी आई आहे तिची."

शेवटच्या सीटवरची माणसंसुद्धा माना उंच करून बघायला लागली, तेव्हा कळलं की मी हे केवढ्या मोठ्यांदा बोलले होते. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण आधी आनंद झाला.